सचिवपद, चेंज रिपोर्ट आणि मौनाचे चार दिवस

मौनाच्या रिट्रीटला (काही दिवस गप्प राहून एकांतात प्रार्थनेला) जायचं म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं, असं गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काही पुरुषांनी विचारलं. महिला मंडळातून कोणी विचारलं नाही. त्यांच्यातल्या बऱ्याचजणी आधीच जाऊन आल्या आहेत. म्हणून तारखा, खर्च, कागदपत्रं सगळं एकदाच लिहून ठेवतो. मी जाण्याआधी शोधलं तेव्हा एकांताबद्दल अध्यात्म भरपूर मिळालं, पण मच्छरदाणी न्यायची की नाही हे कुठेच सापडलं नाही. (न्यायची.)

आमची मंडळी उत्तर नागपुरातली, मराठी, मध्यम आकाराची. रविवार, १३ जुलै २०२५ ला वार्षिक सभा झाली. मतदार यादी आधीपासून दाराजवळच्या फलकावर लावलेली होती, त्यात मार्चअखेरपर्यंत वर्गणी भरलेल्यांचीच नावं. दरवर्षीप्रमाणे काहींनी ऐन सभेच्या दारात पावती फाडून मागितली आणि दरवर्षीप्रमाणे त्यावर अर्धा तास गेला. मग हात वर करून मतदान झालं आणि मी पंचकमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीचा, सचिव झालो. समोर उमेदवार नव्हता, हेही सांगून टाकतो.

सचिव म्हणजे काय, तर आवक-जावक, इतिवृत्त, हॉलचं बुकिंग, शाळाप्रवेशासाठी लागणारी पत्रं, कब्रस्तानातल्या जागेसाठी येणारे रात्री-बेरात्रीचे फोन आणि मंडळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप. मी सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे, त्यामुळे कागदाची भीती नव्हती. भीती होती ती लोकांची.

नागपूरच्या ख्रिस्ती माणसाला पुढारी म्हटलं की डोळ्यांसमोर इमारत येते, आणि त्याला कारणही आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथं आले, शाळा काढल्या, १८६३ मध्ये नाल्याच्या पुरात गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून चालू आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या संघाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला झाली तीही याच शहरात. आमच्या पंचकमिटीच्या खोलीत माजी सचिवांचे फोटो आहेत आणि प्रत्येकाचं नाव निघालं की एक बांधकाम निघतं. यांनी कंपाउंड वॉल बांधली, यांनी हॉल, यांनी बोअरवेल. कोण किती प्रार्थना करायचा हे कोणाला ठाऊक नाही. करतही असतील, पण नव्या सचिवाला कामाची ओळख करून देताना त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. मलाही पहिल्याच आठवड्यात विचारणा झाली ती छताच्या पत्र्यांची.

जुलै-ऑगस्ट चार्ज घेण्यात गेला. बँकेतल्या सह्या बदलायला ठरावाची प्रत, जुन्या पदाधिकाऱ्यांची सहीनिशी संमती आणि नव्यांचं केवायसी लागतं. एकाच्या आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं निघालं, तेवढ्यावर ते प्रकरण ३ सप्टेंबरपर्यंत लांबलं. शिवाय आमचा ट्रस्ट स्वतंत्र नोंदलेला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. १३ जुलैपासून मोजलं तर ९० वा दिवस ११ ऑक्टोबर, आणि तो दुसरा शनिवार. म्हणजे १० तारखेच्या आत. अनुसूची तीनचा नमुना, सभेची नोटीस, इतिवृत्ताची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं, ओळखपत्रं अशी फाइल मी लावत होतो. रोज रात्री अकरापर्यंत.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी पाळकसाहेबांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, सह्या घ्यायला गेलो. सह्या करता करता ते म्हणाले, “सचिव, तुम्ही प्रार्थना कधी करता?”

मी म्हणालो, “कमिटीच्या सुरुवातीला आणि शेवटी.”

“ती इतिवृत्तात जाते. दुसरी कुठली?”

मी काहीतरी बोललो. जेवणाआधी, झोपताना वगैरे. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि विषय बदलला नाही. पाळकपदाची दीक्षा घेण्याआधी उमेदवारांना काही दिवस एकांतात पाठवतात. त्यांना स्वतःलाही पाठवलं होतं. पंच आणि सचिवांना मात्र आपण रविवारी सर्वांसमोर उभं करतो, प्रार्थना करतो आणि सोमवारी किल्ल्या देतो. “तुमच्या हातात किल्ल्या तर आल्याच आहेत,” ते म्हणाले. “निदान आता जाऊन या.”

जागा त्यांनीच सुचवली. काटोल रोडनं शहराबाहेर पडल्यावर पुढे आत वळून कॅथलिक भगिनींचं एक रिट्रीट हाउस आहे. ही बातमी कमिटीत पोचली तेव्हा आमचे जुने सचिव, ज्यांना सगळे मामाजी म्हणतात, त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “कॅथलिकाइकडं? काऊन गा, आपल्याकडं जागा नाही का?”

जागा आहे. पण आपल्याकडे होतात ती शिबिरं. शिबिरात मौन सोडून सगळं असतं: माइक, गीतांची स्पर्धा, तीन वक्ते, दुपारी बिर्याणी. मला शिबिरं आवडतात, त्यांची टिंगल करत नाही. पण तिथं पुरुषाला गप्प बसण्याची सोय नसते. एकांत ही आपल्या मराठी मंडळीला अगदी परकी गोष्ट आहे असंही नाही. ज्यांची भजनं आपण दर रविवारी गातो त्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला होता. मामाजींना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “टिळकाईची गोष्ट वेगळी.” त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

पहिला फोन ३० ऑगस्टला केला. पाच दिवसांनी फॉर्म आला. त्यात नाव, वय, मंडळी, पाळकांचं शिफारसपत्र, आधारची प्रत, चालू असलेली औषधं, तातडीला संपर्क कोणाचा आणि एक प्रश्न: “मौनाचा आधीचा अनुभव आहे का?” मी “नाही” लिहिलं. नाही लिहिलं तरी घेतात. उलट नवख्यांना रोज अर्धा तास मार्गदर्शकाशी बोलायला देतात. नोंदणी २०० रुपये, परत मिळत नाही. राहणं-जेवण दिवसाला ६५० रुपये. पुरुषांसाठी खोल्या कमी असल्यानं सप्टेंबर भरलेला होता. मला बुधवार, १ ऑक्टोबरची संध्याकाळ ते रविवार, ५ ऑक्टोबरची सकाळ अशी जागा १२ सप्टेंबरला पक्की झाली. बीपी-शुगरची गोळी असेल तर फॉर्ममध्ये नक्की लिहा. जेवणाच्या वेळा तिथं घंटेवर चालतात, आधी सांगितलं तर सोय करतात.

तारीख मला सोयीची होती. २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकत्र, शनिवार-रविवार सुटी, म्हणजे फक्त शुक्रवारची एक नैमित्तिक रजा. वर्षाला आठच मिळतात, त्यामुळे हा हिशेब महत्त्वाचा. अर्जात मुख्यालय सोडण्याची परवानगी वेगळी मागायला विसरू नका. कारणाच्या रकान्यात मी “धार्मिक” लिहिलं. साहेबांनी विचारलं, “विपश्यना का?” आमच्याकडचे काहीजण दहा दिवसांचं शिबिर करून आलेले आहेत. मी म्हणालो, तसंच काहीसं, पण आमच्याकडे बायबल वाचायचं असतं आणि रोज थोडं बोलायलाही मिळतं. “मग सोपं आहे,” म्हणून त्यांनी सही केली.

खरी परवानगी घरची होती. बायको स्टाफ नर्स आहे. आईला सकाळ-संध्याकाळ औषधं द्यावी लागतात, मुलगी आठवीत. मी नाही म्हणजे बायकोनं रात्रपाळ्या बदलून घ्यायच्या, आणि बदललेल्या पाळ्या पुढे भरून द्यायच्या. तिनं मोबाइलवर ड्युटीचा तक्ता उघडला, थोडा वेळ बघितला आणि म्हणाली, “तुमच्या एकांताला माझी नाइट ड्युटी लागते, हे सिस्टरांना सांगा.”

ख्रिस्ती पुरुषांच्या नेतृत्वावर बोलणारे वक्ते पहाटेच्या प्रार्थनेबद्दल खूप सांगतात. त्या पहाटे दूध कोण तापवत असतं हे सांगत नाहीत. म्हणून एक गोष्ट आम्ही आधी केली: माझे पैसे भरण्यापूर्वी तिच्या रिट्रीटचा महिना ठरवून घरच्या कॅलेंडरवर लिहिला. जाणाऱ्या प्रत्येकाला माझा हाच सल्ला आहे. आल्यावर ठरवू म्हणाल तर ते ठरत नाही.

त्यानंतर मंडळीची कामं सोपवायची. आमचा सहसचिव सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा आहे. तोवर त्याच्याकडे काम काय, तर खुर्च्या मोजणं. मी हॉलचं बुकिंग रजिस्टर, ग्रुपचं अॅडमिनपद, कब्रस्तानाच्या किल्ल्या आणि चेंज रिपोर्टची फाइल असं सगळं त्याच्यासमोर ठेवलं. फाइल देताना हात जड झाला. एक संमतिपत्र यायचं होतं, मुदत डोक्यावर. “दादा, मी देऊन येईन ना,” तो म्हणाला. बायबलमधल्या निर्गमाच्या १८ व्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो येतो आणि बघतो की जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसला आहे. तो सांगतो, हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेम, नाहीतर तूही झिजशील आणि लोकही. रविवार शाळेत मी हे शिकवलेलंसुद्धा आहे. पण मला स्वतःला काम सोपवायला लावलं ते एका रिट्रीटच्या तारखेनं. जायचंच नसतं तर ती फाइल आजही माझ्याच टेबलावर असती.

१ ऑक्टोबरला दुपारी चारला निघालो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दीक्षाभूमीकडे येणाऱ्यांची गर्दी सुरू झालेली असते, त्यामुळे ऑटोवाल्याला वर्धा रोड, बजाजनगर टाळून सदर-छावणीवरून काटोल नाक्याला घ्यायला सांगितलं. पुढे फ्रेंड्स कॉलनी मागे पडली की रस्ता मोकळा होतो. ४०० रुपये झाले. शहर बस तिकडे जाते, पण आत वळल्यावर चालावं लागतं. सामान कमी असेल तर जमेल.

ऑफिसात फोन बंद करून लिफाफ्यात घालायचा, लिफाफ्यावर नाव. तातडीसाठी तिथला लँडलाइन नंबर घरी देऊन ठेवा. खोलीत पलंग, टेबल, खुर्ची, पंखा, एक क्रूस. चादर-उशी त्यांची. पहाटे साडेपाचला घंटा, मग प्रार्थना, नाश्ता, वाचन, जेवण, विश्रांती, पुन्हा वाचन, संध्याकाळी मिस्सा (कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना), जेवण, नऊला दिवे बंद. मिस्साला प्रॉटेस्टंट माणसानं बसायला हरकत नाही, पण ख्रिस्तशरीर घेता येत नाही. हात छातीवर ओलांडून पुढे गेलं तर आशीर्वाद देतात. हे मला सिस्टरांनी पहिल्याच संध्याकाळी नीट समजावलं. आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे रांगेत मन खट्टू होत नाही.

मार्गदर्शक म्हणून ज्या सिस्टर मिळाल्या त्या मूळच्या वसईकडच्या, साठीच्या पुढच्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “झोप कशी आहे?” मी सांगितलं, अकरा-साडेअकराला पडतो. त्यांनी बायबलमधला १ राजे, अध्याय १९ काढून दिला आणि म्हणाल्या, उद्या एवढंच वाचा, आणि वाचता वाचता झोप आली तर झोपा.

एलीया संदेष्टा जिवाच्या भीतीनं पळालेला, रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. खायला देतो. एलीया खातो आणि परत झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो आणि पुन्हा खायला देतो. होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी ती शांत, मंद वाणी हे सगळं त्याच्यानंतर. गुरुवारी मी नाश्त्यानंतर झोपलो तो जेवणाच्या घंटेला उठलो, आणि जेवून परत झोपलो. अपराधी वाटलं. सिस्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, “छान.”

जागा असताना मात्र अवघड गेलं. हात सारखा खिशाकडे जायचा. डोकं इतिवृत्त लिहीत होतं: “सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन...” देवाशी बोलायला बसलो की दोन मिनिटांत छताचे पत्रे यायचे. बाहेर शांतता होती असंही नाही. दसऱ्याची संध्याकाळ, जवळच्या गावात देवीचं विसर्जन, डीजे, मग रावण जळाल्याचे फटाके. माझ्या शेजारच्या खोलीतले ब्रदर खिडकीत उभे राहून ते बघत होते आणि गाण्याच्या ठेक्यावर त्यांची बोटं चौकटीवर वाजत होती. ते बघून मला जरा हायसं वाटलं.

जेवणाच्या खोलीतली एक गोष्ट सांगतो. मौनात मीठसुद्धा मागायचं नाही. पहिल्या दिवशी वरण अळणी होतं आणि मीठ टेबलाच्या पलीकडच्या टोकाला. मी तसंच खात होतो. समोरच्या ब्रदरांनी माझ्याकडे पाहिलं, उठले, मीठ आणून माझ्या ताटाशी ठेवलं आणि परत जाऊन बसले. त्यानंतर माझंही लक्ष दुसऱ्यांच्या ताटांकडे जायला लागलं. कोणाचा ग्लास रिकामा आहे, कोणाला पोळी हवी आहे. म्हाताऱ्या फादरांना डाव्या हातानं भांडं धरता येत नव्हतं, ते रस्सा टाळून कोरडीच भाजी वाढून घेत होते. आमच्या प्रीतीभोजनात मी नेहमी वाढपाच्या टेबलामागे उभा असतो, ओरडून सूचना देत. कोण काय टाळतं आहे हे त्या गोंगाटात मला कधी दिसलं नव्हतं.

शुक्रवारी सिस्टरांनी नहेम्याचे पहिले दोन अध्याय दिले. “पुढे वाचू नका.” नहेम्या म्हणजे यरुशलेमचा कोट बांधणारा, तेही ५२ दिवसांत, हे ठाऊक होतं, बांधकाम करणाऱ्या प्रत्येक कमिटीत त्याच्यावर एक संदेश होतोच. पण ते बावन्न दिवस सहाव्या अध्यायात आहेत. पहिले दोन अध्याय सावकाश वाचले तेव्हा त्यातला कारकून मला दिसला. तो राजा अर्तहशश्ताचा प्यालेबरदार, म्हणजे नोकरदार माणूस. कोट पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळते. राजासमोर विषय निघतो तो नीसान महिन्यात. मधे जवळजवळ चार महिने. एवढे दिवस तो रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो, आणि रोजची नोकरीही करत असतो. मग राजा विचारतो, तुला काय हवं आहे, आणि तो उत्तर देण्याआधी उभ्या-उभ्या देवाची प्रार्थना करतो. एका श्वासाची असेल. ती जमली कारण मागे चार महिन्यांची प्रार्थना होती.

आणि मागतो काय? रजा, तीही परत येण्याची मुदत सांगून. नदीपलीकडच्या अधिपतींच्या नावे पत्रं, वाटेत अडवू नये म्हणून. राजाच्या वनाचा अधिकारी आसाफ याच्या नावे वेगळं पत्र, वेशीच्या तुळयांना लाकूड मिळावं म्हणून. मी खुर्चीत हसलो. हा माणूस चार महिने नुसता रडत बसला नव्हता. कोणाच्या नावानं कुठलं पत्र लागेल, हेही त्याला प्रार्थनेतच सुचलं असणार. मला वाटायचं, प्रार्थना वेगळी आणि फाइल वेगळी. तसं त्या अध्यायात तरी दिसत नाही.

दुपारी सिस्टरांनी विचारलं, “यरुशलेमला पोचल्यावर तो कोट बघायला रात्री का गेला?”

त्यानं कोणालाही सांगितलेलं नाही, सोबत थोडी माणसं, बसायला एकच जनावर. मी म्हणालो, “दिवसा गेला असता तर सगळे सोबत आले असते.”

“आणि?”

“प्रत्येकानं आपलं मत दिलं असतं.”

त्या मोठ्यानं हसल्या. त्या घरात तेवढंच हसणं मी ऐकलं. मग म्हणाल्या, “आज रात्री तुमच्या मंडळीची तशी फेरी मारा. इथंच, खुर्चीत बसून. घरोघर जा. दुरुस्ती सुचवायची नाही. फक्त कुठे काय पडलंय ते बघायचं.”

जेवणानंतर बसलो. पहिल्या गल्लीतल्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. या घरात मुलगा दुबईला, आई-वडील दोघंच. पुढचं घर, वर्गणी थकलेली. का थकली ते कोणी विचारलेलं नाही, फक्त यादीतून नाव गेलं. त्यापुढे एक भाऊ, करोनात बायको गेली. आधी ते दानार्पणाची थैली फिरवायचे. दुसऱ्या लाटेनंतर एक-दोनदा आले असतील, मग नाहीच. आम्ही यादीत त्यांच्यापुढे “अनियमित” लिहितो. मग खजिनदारांचं घर, ज्यांच्याशी हॉलच्या भाड्यावरून माझं वाजलेलं. तिथं मला पुढे जायची घाई झाली, तेव्हा थांबलो. त्यांच्या आईला डायलिसिसला नेतात, आठवड्यातून दोनदा, हे मला माहीत होतं आणि भांडताना एकदाही आठवलं नव्हतं. फेरी पुरी व्हायच्या आत नऊची घंटा झाली. अंधारात तसाच बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं हे लिहायला संकोच वाटतो, पण जाणाऱ्यानं रुमाल न्यावा म्हणून लिहितो.

शनिवारी मार्कचं शुभवर्तमान, पहिला अध्याय. कफर्णहूमात आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी लोटलेलं. येशू पहाटेच्या अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिष्य शिमोन आणि सोबतचे शोधत येतात: सगळे तुम्हाला शोधताहेत. मला तो सूर चांगला ओळखीचा आहे. आमच्या ग्रुपवर तो दिवसभर असतो. आणि येशू परत जात नाही. म्हणतो, चला, आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ. सिस्टरांनी एवढंच विचारलं की तुम्ही असता तर काय केलं असतं. मी असतो तर पळत गेलो असतो, टोकन नंबर द्यायला. लोकांच्या हाकेला हो म्हणणं हेच मी पुढारपण समजत होतो. येशू नाही म्हणतो, पण कोणाला झिडकारून म्हणत नाही. कुठे जायचं ते आदल्या अंधारात ठरलेलं असतं, म्हणून त्याला तसं म्हणता येतं.

रविवारी नाश्त्यानंतर हिशेब झाला: चार दिवसांचे २,६०० रुपये. मार्गदर्शक मानधन मागत नाहीत. ऑफिसात दानाचं पाकीट मिळतं, त्यात आपल्या इच्छेनं. फोन मिळाला. तो शक्य तितका उशिरा सुरू करा. मी गेटवरच केला आणि ऑटो येईपर्यंत स्क्रीन थरथरत राहिली. ऑक्टोबरचा पहिला रविवार जगभर एकत्र प्रभुभोजनाचा असतो, त्यामुळे नऊच्या उपासनेला पोचायचं होतं. पोचलो. पण लगेच गर्दीत जाऊ नये, हे माझं मत झालं आहे. पहिल्या गीताला कीबोर्डचा आवाज अंगावर आला आणि आमेन म्हणायला तोंड उघडलं तर घशातून आवाज निघेना. सोमवारची रजा मिळत असेल तर ती घ्या.

उपासना संपल्यावर सहसचिवानं पोचपावती दाखवली. राहिलेलं संमतिपत्र गुरुवारी रात्री त्या विश्वस्तांच्या घरून आणलं आणि शुक्रवारीच रिपोर्ट दाखल करून टाकला. हॉलच्या बुकिंगमध्ये त्यानं एक नवा रकानाही काढला होता, “अनामत परत केल्याची तारीख”. माझ्या आधीच्या कोणाला आणि मला हे सुचलं नव्हतं. ते रजिस्टर आता त्याच्याकडेच आहे.

त्या आठवड्यात करोनात बायको गेलेल्या भाऊंकडे गेलो. चहा झाला, ते फारसं बोलले नाहीत, मीही बोललो नाही. परत गेलो तेव्हा थोडं बोलले. ते अजून उपासनेला येत नाहीत. खजिनदारांशी हॉलच्या भाड्याचा वाद मिटलेला नाही, मुद्दा अजून तोच आहे. फक्त आता कमिटीची बैठक डायलिसिसच्या दिवशी ठेवत नाही. घरी विचारलं की काही फरक पडला का, तर बायको म्हणते, जेवताना फोन बाजूला असतो, बाकी अजून बघतेय.

रोजचा एकांत हा मात्र जागेचा प्रश्न आहे. खोलीत जाऊन दार लावून घे, असं प्रभू सांगतो. आमच्या दोन खोल्यांत दार लावलं की आईला वाटतं मला बरं नाही. मंडळीत अनेकांची हीच अडचण. काही दिवस मी फुटाळा तलावावर सकाळी जाऊन बसलो, तिथं ओळखीचे भेटतात. शेवटी नोव्हेंबरच्या बैठकीत विषय मांडला: चर्च सोमवार ते शनिवार सकाळी सहा ते सात उघडं ठेवावं, माइक नाही, संदेश नाही, ज्याला यायचं त्यानं येऊन बसावं. चर्चेत विजेचं बिल आलं, चपला चोरीला जाण्याचा धोका आला, “मग चाव्या कोणाकडे?” हेही आलं. ठराव झाला: एक पंखा, एक दिवा, किल्लीची नोंद वहीत, आठवड्याला एक पंच जबाबदार. मामाजींनी विरोधात मत दिलं. पहिल्या आठवड्याची जबाबदारी मात्र त्यांनीच मागून घेतली, आणि अजूनही त्यांचा आठवडा नसतो तेव्हाही ते तिथं दिसतात. मी एकदा खुणेनं विचारलं, तर त्यांनी खुणेनंच मला बसायला सांगितलं.

कोणाला रिट्रीट हाउसचा फॉर्म हवा असेल तर माझ्याकडे कोऱ्या प्रती आहेत. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, जायचं असेल तर तो २०२६ मध्ये भस्म बुधवारी, १८ फेब्रुवारीला सुरू होतो आणि त्या खोल्या डिसेंबरातच भरतात. शिफारसपत्रासाठी पाळकसाहेबांकडे रविवारी जाऊ नका, मंगळवारी संध्याकाळी ते मोकळे असतात. बायकोची जागा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पक्की झाली आहे. तेव्हा आईची औषधं, डबे आणि मुलीची शाळा माझ्याकडे राहील. त्या आठवड्यात हॉलसाठी सहसचिवाला फोन करा.